सुळाजीरावांचा इंग्रजी नवस

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. झाडं होती, झरा होता, झऱ्यात खेकडे होते आणि बारावीची बोर्डाची परीक्षाही होती. जंगलात बोर्ड कुठून आलं, असं विचारू नका. बोर्ड कुठून येतं हे कुणालाच माहीत नसतं. ते असतं.

या जंगलात रानडुकरांचं एक कुटुंब राहायचं. बाप सुळाजीराव, आई पंकाबाई, थोरली मुलगी कंदा आणि तिच्या पाठची रताळी. नावं ऐकून हसू नका. तुमची नावं ऐकून तेही हसतील.

सुळाजीरावांना बोलायला फार आवडायचं. फार म्हणजे फारच. जमीन उकरताना बोलायचे, चिखलात लोळताना बोलायचे, तोंडात कंद असला तर कंदाच्या कडेकडेनं बोलायचे. आपण एकदा बिबट्याला कसं पळवून लावलं, ही त्यांची गोष्ट जंगलातल्या दगडांनाही पाठ झाली होती. दर वेळी त्या गोष्टीतला बिबट्या थोडा मोठा व्हायचा. गेल्या वर्षी तो हत्तीएवढा झाला, तेव्हा खुद्द बिबट्यानंच येऊन विनंती केली होती की, बुवा, आता आवरा.

"यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की कान हातात घेऊन पळायची वेळ येते," असं पंकाबाई म्हणायची. डुकरिणीला हात नसतात, हे खरं. पण वैतागलेल्या बायकोच्या बोलण्यात असल्या चुका काढू नयेत.

कंदाला मात्र बाबांचं बोलणं आवडायचं. तसं ती कुणाला सांगायची नाही. ती डोळे फिरवायची, जांभया द्यायची, आणि बिबट्या कुठे झेप घेतो ते आलं की हळूच कान टवकारायची.

आता ऐका हं, गंमत कुठे आहे ती. नदीपल्याड एक अभयारण्य होतं. तिथे उन्हाळ्यात टँकरनं पाणी यायचं. शिकाऱ्याला बंदी होती. आणि जीपमधून पाहुणे यायचे. या जंगलातल्या प्रत्येक आईबापाला वाटायचं, आपलं पोर एकदा नदीपल्याड गेलं की गंगेत घोडं न्हालं. पण वाघराजांचा हुकूम होता. ज्याला बारावीला इंग्रजीत साठ गुण पडतील त्यानंच नदी ओलांडावी. पाहुण्यांसमोर आपलं जंगल अडाणी दिसता कामा नये. स्वतः वाघराज कोणत्या परीक्षेला बसले होते, हे विचारायची पद्धत नव्हती.

कंदा मुळात हुशार. कोणत्या झाडाखाली किती खोल कोणता कंद आहे, हे ती नुसत्या वासावरून सांगायची. पण बोर्डात वासाचा पेपर नव्हता. सहामाहीला तिला इंग्रजीत अडतीस गुण पडले.

सुळाजीरावांनी गुणपत्रिका पाहिली. आधी नीट पाहिली, मग उलटी करून पाहिली. उलटी करूनही गुण वाढले नाहीत.

"अडतीस?" ते ओरडले. "अगं, अडतीस? अगं कार्टे, अडतीस म्हणजे..."

अडतीस म्हणजे काय, ते मात्र राहूनच गेलं. कारण तेवढ्यात टोकदारसर आले.

टोकदारसर म्हणजे साळिंदर. जंगलातले प्रसिद्ध 'हमखास क्लासेस' त्यांचेच, आणि 'हमखास' नावाचं गाइडही त्यांचंच. लिहायला त्यांना कधी काही शोधावं लागायचं नाही. पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि लागायचं कामाला. गाइड इतकं जाड होतं की काही जण त्यावर बसून अभ्यास करायचे.

"सुळाजीराव, ओरडून काय होणार?" टोकदारसर म्हणाले. "दोष मुलीचा नाही. दोष वातावरणाचा."

"हवा तर चांगली आहे की."

"हवेचं नाही म्हणत मी. घरात इंग्रजीचं वातावरण पाहिजे. तुम्ही सकाळपासून आपल्या जंगली भाषेत अखंड बोलत असता. मुलीच्या कानात इंग्रजी शिरायला जागा तरी उरते का?"

एवढं बोलून सर निघून गेले. त्यांना अजून बऱ्याच घरी हेच सांगायचं होतं. पण सुळाजीरावांच्या काळजात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. म्हणजे पोरीच्या वाटेत धोंड कोण? तर आपण!

त्या जंगलात एक रीत होती. काही मोठं मागायचं असेल तर वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे जायचं आणि आपल्याला सगळ्यात आवडणारी गोष्ट सोडायची. माकडिणीनं लेकाला नोकरी लागेपर्यंत बोरं सोडली होती. सशानं लग्न जमेपर्यंत पळणं सोडलं होतं. त्याचं लग्न कधीच जमलं नाही, कारण तो त्याच आठवड्यात कोल्ह्याला सापडला. पण नवस मात्र त्यानं मोडला नाही, असं सगळे आदरानं सांगायचे.

सुळाजीराव तडक वाघोबापुढे गेले. सगळं घर मागोमाग धावलं.

"देवा वाघोबा," ते म्हणाले, "माझ्या कंदाला इंग्रजीत साठ पडेपर्यंत या तोंडातून आपल्या भाषेतला एक शब्द निघणार नाही. बोलेन तर फक्त इंग्रजी!"

पंकाबाईनं घाईघाईनं दगडाला शेंदूर फासला. देवाला नीट ऐकू आलं असावं, अशी तिची मनापासून इच्छा होती.

"बाबा, असं नका ना करू," कंदा म्हणाली.

सुळाजीरावांनी तिच्याकडे प्रेमानं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग."

तेव्हा संध्याकाळ होती.

आता सुळाजीरावांना इंग्रजी येत होतं का? तर येत होतं. खुरांवर मोजण्याइतकंच, पण येत होतं. ते कुठल्या क्लासला गेले नव्हते. पाहुण्यांची जीप कधीकधी वळसा घालून नदीच्या या बाजूनं जायची. सुळाजीराव गवतात बसून ऐकायचे. तिथून त्यांनी 'गुड मॉर्निंग' उचललं. 'थँक्यू' उचललं. 'लूक लूक', 'ब्यूटिफुल', 'ओ माय गॉड' आणि 'नो फ्लॅश' उचललं. आणि एक शब्द तर त्यांच्या एकट्यासाठीच होता.

व्हायचं असं. गवत हललं की जीपमधले सगळे उभे राहायचे. "टायगर! टायगर!" मग गवतातून सुळाजीराव बाहेर यायचे. मग जीपमधून एका सुरात आवाज यायचा, "ओन्ली पिग!"

सुळाजीरावांना वाटायचं, ही पदवी आहे. परगावचे शिकलेले लोक, आपण दिसताच सगळे मिळून म्हणतात, म्हणजे साधीसुधी पदवी नसणार. म्हणून ते कुठेही गेले की आधी छाती पुढे काढायचे आणि स्वतःची ओळख करून द्यायचे, "ओन्ली पिग."

कंदाला त्याचा अर्थ कळायचा. अडतीस गुण पडले तरी एवढं इंग्रजी तिला येत होतं. पण तिनं बाबांना तो कधी सांगितला नाही.

तर झालं वातावरण सुरू.

सकाळ झाली की "गुड मॉर्निंग". जेवायला बसले की "गुड मॉर्निंग". झोपताना, दोन्ही मुलींच्या डोक्यावरून नाक फिरवून, "गुड मॉर्निंग". चांगला कंद सापडला की "लूक लूक! ब्यूटिफुल!" खराब निघाला की "ओ माय गॉड". रताळी चिखल उडवायला लागली की पूर्वी सुळाजीराव तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. म्हणजे स्वतःच्याच. आता ते थरथरत म्हणायचे, "नो फ्लॅश! नो फ्लॅश!" रताळी अजून चिखल उडवायची.

पंकाबाईचे दिवस मात्र मजेत चालले होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला झऱ्याचा आवाज ऐकू आला. "अगंबाई," ती म्हणाली, "आपल्याकडे झरा पण आहे?"

मग पुतण्याचं लग्न आलं. सोयरीक जमवायला मुलीकडची मंडळी आली. घरात वडीलधारे सुळाजीराव. मुलीचा बाप हात जोडून, म्हणजे खूर जुळवून म्हणाला, "पाव्हणं, मुलगी पसंत हाय का, तुमीच सांगा."

सुळाजीरावांना खूप सांगायचं होतं. मुलगी सोन्यासारखी आहे, नाक मजबूत आहे, आमच्या घरात सुखात राहील, आणि ओघात बिबट्याचीही गोष्ट सांगायची होती. त्यांनी होते नव्हते तेवढे शब्द चाचपले. मग मुलीकडे मान वळवून, जगात याहून मोठी स्तुती नाही अशा थाटात ते म्हणाले, "ओन्ली पिग."

मंडळींत आनंदीआनंद झाला. मुलीचा बाप तर गहिवरला. "एवढा मान आमच्या पोरीला आजवर कुनी दिला न्हवता," तो म्हणाला.

आणि एकदा तर कमालच झाली. पंकाबाई झऱ्यावर पाणी पीत होती. मागच्या खडकावर बिबट्या दबा धरून बसला होता. तोच, गोष्टीतला. सुळाजीरावांनी ते लांबून पाहिलं. 'पंके, पळ!' एवढंच म्हणायचं होतं हो! पण नवस. ते जिवाच्या आकांतानं धावत ओरडले, "लूक लूक! ब्यूटिफुल! ओ माय गॉड, ब्यूटिफुल!"

पंकाबाईनं वर पाहिलं. नवरा धापा टाकत, डोळ्यांत पाणी आणून, आपल्याला सुंदर म्हणत धावत येतोय. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती अशी काही लाजली की मान वळवून दोन पावलं बाजूला सरकली. त्याच क्षणी बिबट्यानं झेप घेतली आणि तो थेट करवंदीच्या जाळीत जाऊन पडला.

ओरबाडलेला बिबट्या जाळीतून बाहेर आला आणि म्हणाला, "सुळाजी, तू बोलत होतास तेच बरं होतं रे."

हसताय ना? हसा. जंगलातलेही सगळे हसत होते. कंदाला मात्र हसू येईनासं झालं होतं.

कारण ती बाबांच्या शेजारी बसायची. ती अभ्यासाला बसली की सुळाजीराव येऊन बसायचे. अभ्यासातलं काही कळायचं नाही, पण पान उलटलं की म्हणायचे, "ब्यूटिफुल." त्यांच्या आत इतकं बोलणं साठलं होतं की पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं. एखादं माकड फांदीवरून घसरून पडलं, की त्यावर पूर्वी त्यांचं दोन दिवस भाषण चालायचं. आता ते नुसते त्या माकडाकडे बघायचे. मग कंदाकडे बघायचे. मग एक लांब उसासा सोडायचे, आणि त्या उसाशानं समोरचा पाचोळा उडून जायचा.

"बाबा," एकदा कंदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "एकदा तरी ओरडा ना माझ्यावर. कुणाला नाही सांगणार मी. वाघोबालापण नाही."

सुळाजीरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "थँक्यू."

त्या दिवसापासून कंदानं ठरवलं. अभयारण्य गेलं खड्ड्यात. साठ गुण पाडायचे, ते बाबांचं तोंड उघडण्यासाठी.

ती टोकदारसरांकडे गेली. "सर, गुण कसे वाढवायचे?"

"इंग्रजी येऊन गुण वाढत नाहीत, हे आधी डोक्यातून काढून टाक," सर म्हणाले. "समास सोडायचा. दोन ओळींत बोटभर अंतर. पुरवण्या भरपूर जोडायच्या, तपासणारा आधी जाडी बघतो. प्रश्न समजला नाही तर प्रश्नच मागेपुढे करून उत्तर म्हणून लिहायचा. आणि कोणत्याही निबंधाची सुरुवात एकच. 'इन टुडेज मॉडर्न जंगल.' पुढचं सगळं 'हमखास'मध्ये आहे. घोकून टाक."

कंदानं घोकलं. कवितेचं रसग्रहण घोकलं. न भेटलेल्या थोर व्यक्तीची मुलाखत घोकली, तिचे प्रश्न आणि तिची उत्तरंही. 'वृक्षाचे आत्मवृत्त' हा निबंध तर ती झोपेतही म्हणायला लागली. टोकदारसर छातीवर हात ठेवून सांगत होते, यंदा वृक्षच येणार.

परीक्षा मोठ्या वडाखाली होती. वर भरारी पथकाच्या घारी घिरट्या घालत होत्या. फांद्यांतून माकडं कुणाकुणाला चिठ्ठ्या टाकत होती आणि घारींना त्या दिसत नव्हत्या. घारीला आकाशातून उंदीर दिसतो, पण बोर्डाच्या घारीची नजर निराळी असते.

कंदानं प्रश्नपत्रिका उघडली. निबंध आला होता, 'माशाचे आत्मवृत्त'.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. हमखासवाले सगळे भराभरा लिहीत होते. मग तिनंही वृक्षाचाच निबंध काढला आणि जिथे जिथे वृक्ष होता तिथे तिथे मासा बसवला. "इन टुडेज मॉडर्न जंगल मी एक मासा आहे. माझ्या फांद्यांवर पाखरं घरटी बांधतात. उन्हातान्हात वाटसरू माझ्या सावलीत विसावतात. वसंतात मला पालवी फुटते. मला तोडू नका हो, मला लावा."

शेवटच्या ओळीला पोहोचली तेव्हा तिला स्पष्ट दिसलं, याला साठ पडत नाहीत. आणि साठ पडले नाहीत तर बाबा आणखी एक वर्ष तसेच बसणार, फुगलेले आणि गप्प.

मुलांनो, त्या जंगलात आणखी एक रीत होती. पेपर लिहून झाला की शेवटी तपासणाऱ्या सरांना दोन ओळी विनंतीच्या लिहायच्या. तुमच्याकडे अशी रीत नसेलच. तू का खाली बघतोस रे? बरं, असो. कुणी लिहायचं, 'सर, नापास झाले तर ठरलेलं लग्न मोडेल.' कुणी लिहायचं, 'सर, मी जीव देईन.' एका कासवानं तर लिहिलं होतं, 'सर, माझ्याकडे आता थोडेच दिवस उरलेत.' ते नंतर तीनशे वर्षं जगलं.

कंदानं एक पुरवणी मागितली. आणि जन्मात पहिल्यांदाच तिनं न घोकता इंग्रजी लिहिलं. ते मी आपल्या भाषेत सांगतो, चुका तेवढ्या तिच्याच ठेवतो.

"आदरणीय सर, गाइडमधलं संपला. आता हे माझं आहे. माझ्या वडिलांनी नवस केला. मला साठ पडेपर्यंत ते इंग्रजीच बोलणार. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणून ते बोलत नाही. आधी ते फार बोलत होते आणि आम्ही कंटाळत होतो. आता कंटाळायला काही नाही. सर, ते आतून भरले आहे. ते फुटेल. ते सगळ्यांना सांगतात, मी ओन्ली पिग. त्यांना वाटते ही पदवी आहे. मी अर्थ सांगितला नाही. तुम्हीपण सांगू नका. मला अभयारण्य नको. ते माझ्यावर ओरडत होते आणि अर्ध्यात थांबले. मला पुढचं ऐकायचं आहे. आपली विश्वासू."

पेपर तपासायला गेले मधुकरसरांकडे. मधुकरसर म्हणजे अस्वल. इंग्रजी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. एका पंजात मधाचं पोळं आणि दुसऱ्या पंजानं पेपर, असं त्यांचं काम चालायचं. त्यामुळे निकाल नेहमी चिकट लागायचा.

त्या वर्षी त्यांनी एकापाठोपाठ एक पालवी फुटलेले इतके मासे तपासले की त्यांना पाण्याकडे बघवेना. कंदाचाही मासा आला. सरांनी गुणांची बेरीज केली. एक्केचाळीस. ते पेपर बाजूला ठेवणार, तेवढ्यात चिकटलेली पुरवणी सुटली.

सरांनी ती वाचली. पोळं खाली ठेवलं. पुन्हा वाचली.

मागच्याच आठवड्यात, मुलांनो, सर झऱ्यावर उभे असताना जीप आली होती. गवत हललं होतं. "टायगर! टायगर!" मग सर बाहेर आले होते. आणि जीपमधून आवाज आला होता, "ओन्ली बेअर." सुळाजीरावांना अर्थ कळत नव्हता हे त्यांचं नशीब. सरांना व्याकरणासकट कळला होता. त्यांनी ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

सर हमसून हमसून रडले. नाक पुसायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्यांनी 'हमखास'चं एक पान घेतलं. मग लाल शाईनं त्या पुरवणीवर, न विचारलेल्या प्रश्नाला, त्यांनी एकोणीस गुण दिले. एक्केचाळीस आणि एकोणीस किती? शाब्बास. तुझं गणित चांगलं आहे, तू इंग्रजीत मार खाणार.

निकाल लागला. कंदाला साठ!

सगळं जंगल सुळाजीरावांच्या दारात जमलं. ते आता काय बोलणार, हे सगळ्यांना ऐकायचं होतं. माकडं फांद्यांवर दाटीवाटीनं बसली. बिबट्याही आला होता, अंगावर अजून करवंदीचे ओरखडे होते. टोकदारसर सत्काराचा हार घेऊन आले होते, स्वतःच्याच सत्काराचा.

सुळाजीरावांनी निकाल पाहिला. उलटा करून पाहिला नाही. ते पुढे आले. वाघोबाकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले. मग लेकीकडे वळले, छाती भरून घेतली आणि सुरू झाले.

"...चुलीत घालायचे गुण! अगं, अडतीस म्हणजे काय गुण झाले? तुझ्या वयाचा असताना मी एका मुसंडीत सागाचा बुंधा हलवला होता! आणि तू अडतीस आणतेस? रात्रंदिवस त्या खेकड्यांशी खेळायचं आणि मग अडतीस आणायचे! लाज वाटते का? आं? बघतेस काय? माझ्या तोंडाकडे बघून गुण वाढणार आहेत का?"

जिथे तुटलं होतं, बरोबर तिथूनच!

कंदा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. ती जाऊन बाबांच्या मानेला बिलगली, आणि बाबा तिला कुरवाळत कुरवाळत शिव्या देत राहिले. सहामाहीचं झाल्यावर त्यांनी रताळीच्या चिखलाचं घेतलं. मग घसरलेल्या माकडांचं घेतलं, एकेकाचं नाव घेऊन. मग पुतण्याच्या लग्नातलं राहिलेलं भाषण केलं. तोवर नवरा-नवरीला पिल्लं झाली होती. मग बिबट्याची गोष्ट सुरू केली, आणि करवंदीच्या जाळीमुळे तिला आता उत्तरार्धही आला होता. बिबट्या म्हणाला, "निघतो मी." पण त्याला बसवून घेतलं.

पंकाबाई बराच वेळ कान देऊन उभी होती. "झरा आटला वाटतं," ती हळूच म्हणाली.

कंदा नदीपल्याड गेली. पहिल्याच दिवशी जीप आली. गवत हललं. "टायगर! टायगर!" कंदा बाहेर आली. "ओन्ली पिग," जीपमधले हिरमुसून म्हणाले. कंदानं छाती पुढे काढली, अगदी बाबांसारखी, आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "गुड मॉर्निंग. येस, ओन्ली पिग. अँड यू?"

जीपमधल्या एकाच्या हातून कॅमेरा पडला. दुसऱ्या दिवशी दहा जीपा आल्या. आता तिथे बोलणारं डुक्कर बघायला रांगा लागतात. मधूनच एखादा वाघ आडवा गेला तर मागच्या सीटवरची मुलं ओरडतात, "ओ! ओन्ली टायगर!"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बोर्ड कुठलीही गोष्ट संपू देत नाही.

मधुकरसरांनी ती पुरवणी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवली. सगळे रडले. रडताना टोकदारसरांनी पाठीवरचा एक काटा उपटला. पुढच्या 'हमखास'मध्ये एक नवं प्रकरण आलं, 'हमखास विनंती, हृदयस्पर्शी, चुकांसह.' आणि बोर्डानंही ठरवलं, मुलांनी मनापासून लिहावं हे आम्हाला पटलं. म्हणून यापुढे प्रश्नपत्रिकेत शेवटचा प्रश्न सक्तीचा. 'वडिलांविषयी मनापासून विनंती लिहा. गुण एकोणीस.' सोबत आदर्श उत्तर.

त्या वर्षी जंगलातल्या एकूणएक मुलांनी मनापासून लिहिलं की आमचे वडील आतून भरले आहे. वाघराजांच्या युवराजानंही लिहिलं, 'माझे वडील ओन्ली पिग आहेत,' आणि एकोणीसपैकी एकोणीस मिळवले. वाघराजांनी तो पेपर दरबारात चौकटीत लावला. त्यांना कुणी अर्थ सांगितला नाही.

मधुकरसर आता पुरवण्या वाचत नाहीत. नुसती जाडी बघतात.

त्याच वर्षी रताळीही बारावीला होती. पोर भोळी, गाइड वाचलंच नव्हतं. तिनं खरं तेच लिहिलं. 'सर, माझे वडील दिवसभर बोलतात. एक अक्षर वाचू देत नाहीत. काहीतरी करा.' आदर्श उत्तराशी जुळलं नाही, म्हणून शून्य. एकूण गुण, अडतीस.

सुळाजीरावांनी गुणपत्रिका पाहिली. उलटी करून पाहिली.

"अडतीस?" ते ओरडले. "अगं, अडतीस? अगं कार्टे..."

एवढं बोलून ते थबकले. त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी रताळीकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि एक शब्दही न बोलता वाघोबाच्या दगडाकडे चालू लागले.

पंकाबाई त्यांच्या आधीच तिथे पोहोचली होती. तिनं दगडाला हातभर शेंदूर फासला, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाली,

"देवा, पोरीला साठ पडू देत. पण घाई नाही हो."

तात्पर्य : मनापासून लिहिलेल्या पानाला गुण मिळतातच. म्हणून असं एक पान वर्षाच्या सुरुवातीलाच पाठ करून ठेवावं.

(उतरवून घ्या. हमखास येणार आहे.)